आबा त्या विमानात नव्हते

गोंडेवाडीत मुक्ताबाई वाबळे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आधी तिची पितळी किटली यायची, मग ती स्वतः. घरच्या दोन म्हशींचं दूध ती रोज सकाळी आबासाहेबांच्या बंगल्यावर घालायची. माप घालून झालं की वर थोडी धार सोडायची, ‘येते’ म्हणायची आणि पदर सावरत कालव्याच्या कडेनं परत फिरायची. या ‘येते’पलीकडं तिचा आवाज ऐकलेली माणसं गावात थोडीच होती. बायका म्हणायच्या, गोरक्षची बायको तुपागत बोलती, थेंब थेंब.

ती मूळची अशी नव्हती. माहेर पाथर्डीकडचं, पावसानं पाठ फिरवलेलं. दसरा झाला की तिच्या माहेरची माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला प्रवरेच्या पट्ट्यात उतरायची. मुक्ता पाचटाच्या कोपीत, उसाच्या फडाकडेच्या झोपडीत वाढली. लहान असताना एकदा मुकादमानं तिच्या बापाला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. ही पोर पुढं झाली आणि म्हणाली, “माझ्या बाला का मारलं?” मुकादमानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बापालाच आणखी एक ठेवून दिली आणि म्हणाला, “पोरीला वळन लाव.” त्या दिवशी पोरीनं मनाशी गाठ मारली. आपण विचारलं की मार आपल्या माणसाला बसतो.

पुढं याच पट्ट्यात तिला सासर मिळालं. नवरा गोरक्ष साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर. घरी थोडी बागायत, दोन म्हशी आणि सासू साळूबाई. गोरक्ष दोघांच्या वाटणीचं बोलायचा. कामावरून आला की पायावर पाणी घेतानाच त्याची टकळी सुरू व्हायची. मुक्ताबाई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधूनच पदराआड हसायची. दोन पोरी झाल्या, त्याही बापावर गेल्या. घरात सदा कलकलाट आणि त्यात ही एक मुकी, असं साळूबाई कौतुकानं सांगायची.

एकाहत्तर सालचा पाऊसकाळ. कारखान्यानं सभासदांच्या रानासाठी जपानी पॉवर टिलर घ्यायचं ठरवलं होतं. हातानं धरून चालवायचा लहानसा ट्रॅक्टरच तो. यंत्र बघायला संचालक आबासाहेब जपानला जाणार होते, आणि ते उघडून-जोडून शिकायला एक फिटर बरोबर न्यायचा होता. आबासाहेबांनी गोरक्षचं नाव घेतलं. गणपती विसर्जन झालं की निघायचं होतं.

त्या आठवड्यात वाबळ्यांच्या ओट्याला उसंत नव्हती. जो तो येऊन विचारी, “गोरक्षा, टोकियो किती लांब रं?” गोरक्ष मूठभर जोंधळे घ्यायचा आणि जमिनीवर एकेक दाणा ठेवत जायचा. “ही म्हमई. हे ब्यांकॉक. हे हाँगकाँग. आन् हे टोकियो. दोन हजार कोसांच्या वर भरतंय. मधी दोनदा उतरायचं. समदं धरून बारा-तेरा तास.”

“बारा तासांत दोन हजार कोस?” शेजारची चांगुणा तोंडावर हात ठेवायची.

मुक्ताबाई कोपऱ्यात ताक घुसळत होती. ती एकदाच बोलली. “पाथर्डीवरनं हितं यायला आमच्या गाड्यांला तीन दिस लागायचे.”

साळूबाईला ते काही पटत नव्हतं. “येवढ्या लांब येवढ्या घाईनं गेल्यावर मानसाचा जीव मागंच ऱ्हात आसंल,” ती म्हणाली. सगळे हसले.

दोघं गेले. जाताना बंगल्यापुढं जीप सजवली होती. आबासाहेबांच्या गळ्यात हार मावत नव्हते. गोरक्ष मागच्या सीटवर पत्र्याची ट्रंक मांडीशी धरून बसला होता. मालनबाईंनी, आबासाहेबांच्या पत्नीनं, नवऱ्याला ओवाळलं आणि तेच तबक गोरक्षपुढंही फिरवलं. मुक्ताबाईला ते बरं वाटलं होतं.

पितृपक्ष लागला. माणसं परत यायचे दिवस जवळ आले. शुक्रवारी सकाळी मुक्ताबाई किटली घेऊन बंगल्यावर पोचली तर स्वयंपाकघरात चूल विझलेली आणि बाया दिवाणखान्याच्या दाराशी गोळा झालेल्या. रेडिओ बंद होता, तरी सगळे त्याच्याकडंच बघत होते. आबासाहेबांचा धाकटा भाऊ कानिफनाथ डोकं धरून खुर्चीत बसला होता.

“काय झालं?” हे तिनं विचारलं नाही. किटली खाली ठेवली आणि उभी राहिली.

स्वयंपाकीण दगडाबाईनं तिला बाजूला घेतलं. “इमान पडलंय गं. हाँगकाँगवरनं निघालं आन् ब्यांकॉकच्या अलीकडं डोंगरावर आपटलं. म्हमईला यायचं हुतं म्हनं. काल दुपारी.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मुक्ताबाईचा दंड घट्ट धरला. “आपलं नसंल. लई इमानं असत्यात.”

मुक्ताबाईला आधी दाणे आठवले. हाँगकाँगचा दाणा आणि बँकॉकचा दाणा यांच्यामध्ये बोटभर जागा होती. एवढ्याशा जागेत विमान पडलं?

दुपारपर्यंत बंगल्याचं आवार भरून गेलं. हेडमास्तर शाळेतून मोठा नकाशाच गुंडाळून घेऊन आले. तो ओसरीवर पसरला, चार कोपऱ्यांवर तांबे ठेवले. मालनबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुक्ताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. तिला कुणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

“नीट हिशेब करू,” मास्तर म्हणाले. “गुरुवारी टोकियोहून निघायचं होतं ना?”

“गुरुवारीच,” कानिफ म्हणाला.

“तिकडं सूर्य आपल्याआधी साडेतीन तास उगवतो. त्यांची सकाळची वेळ म्हणजे आपली पहाट. तिथून हाँगकाँग चार-साडेचार तास. तासभर तिथं थांबायचं. म्हणजे आपल्याकडं बारा वाजायच्या सुमाराला विमान पुन्हा उडालं. बँकॉक तिथून अडीच तास.” मास्तरांचं बोट समुद्रावरून सरकत होतं. सगळे त्या बोटाकडं बघत होते. “रेडिओवर किती वाजता पडलं म्हणाले?”

“दुपारी.”

मास्तरांचं बोट थांबलं. त्यांनी ते चटकन उचलून घेतलं, पोळल्यासारखं. हिशेब जमला होता.

आतून मालनबाईंचा हुंदका आला आणि मग बायांनी गळा काढला. मुक्ताबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिला वाटत होतं, मास्तरांनी मोजायचं सोडलं म्हणून असं झालं. त्यांनी अजून मोजलं असतं तर कुठंतरी तास दोन तास चुकलेले सापडले असते.

मुंबईचा ट्रंककॉल सकाळीच नोंदवलेला होता. तो उन्हं कलायला लागल्यावर लागला. फोनची घंटा वाजली तसं सगळं आवार गप्प झालं. कानिफ ओरडून ओरडून बोलत होता. “आबासाहेब! हां, हां, तेच. नीट बगा. न्हाईत? नक्की न्हाईत? हॅलो! हॅलो!” लाइन तुटली. त्यानं रिसीव्हर हातात धरूनच वळून बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

“आबा त्या इमानात न्हाई!” तो ओरडला. “आबा न्हाई त्या इमानात!”

मग जे झालं ते मुक्ताबाईला पुढं कितीतरी वर्षं तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. कुणीतरी मालनबाईंच्या तोंडावर पाणी मारत होतं. कुणी कानिफला मिठी मारली. पितृपक्ष असूनही कुणीतरी घंटा बडवायला मारुतीच्या देवळाकडं पळालं. दगडाबाई साखरेचा डबा घेऊन फिरत होती, दिसेल त्याच्या हातावर चिमूट ठेवत होती. तिनं मुक्ताबाईच्याही तळहातावर साखर ठेवली आणि पुढं गेली.

मुक्ताबाई त्या साखरेकडं बघत राहिली. मग तिनं मूठ मिटली आणि गर्दीतून वाट काढत कानिफपुढं जाऊन उभी राहिली.

“आन् आमचे हे?”

कानिफला कळलंच नाही. “कोन?”

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. तिनं नुसतं मागं, आपल्या घराच्या दिशेनं हात केला.

“आगं, गोरक्षा व्हय!” कानिफच्या तोंडावरचं हसू अजून ओसरलं नव्हतं. “दोघं संगच असत्याल की. आबा न्हाई म्हंजे गोरक्षाबी न्हाई.”

“तुमी इचारलं का?”

“तीन मिंटांत लाइन तुटली. आता पुन्हा लावू की. जा, साखर खा.” त्याला कुणीतरी खांद्यावर उचललं आणि तो तिच्या डोक्यावरून पलीकडं गेला.

पुन्हा कुणी फोन लावला नाही. माणसं देवळाकडं गेली, कारखान्याकडं गेली. आवार रिकामं झालं. मुक्ताबाई परसात आली, हात धुतला. साखर विरघळून बोटांना चिकटली होती. तिथं न्हाणीघराच्या पायरीवर मालनबाई एकट्याच बसल्या होत्या. नवरा जिवंत असल्याचं कळलेल्या बाईचा चेहरा असा नसतो, हे मुक्ताबाईच्या लगेच ध्यानात आलं.

“मुक्ता,” त्या म्हणाल्या. “हिकडं ये.”

ती गेली.

“संगं नव्हते ते.” मालनबाई तिच्याकडं बघत नव्हत्या. “ह्यांला हाँगकाँगात दोन दिस उतरायचं हुतं. बाजार करायचा हुता, मी सांगितलेल्या वस्तू आनायच्या हुत्या. गोरक्षाला तसंच पुढं धाडायचं ठरलं हुतं, त्याच इमानानं. जाताना मला बोलले हुते.”

मुक्ताबाईला काही क्षण नुसता हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहिला.

“तुमाला सकाळपासनं ठावं हुतं?”

मालनबाईंनी मान हलवली. होय की नाही ते समजलं नाही. पण त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि मुक्ताबाई तिथून निघाली. किटली बंगल्यावरच राहिली.

ती घरी गेली नाही. फाट्यावर आली आणि श्रीरामपूरची एसटी येताच चढली. लग्नानंतर ती एकटी अशी कधी गाडीत बसली नव्हती. कंडक्टरला गाव सांगतानाही तिला घसा खाकरावा लागला.

श्रीरामपूरच्या टेलिफोन ऑफिसात एक बाक होतं आणि काचेच्या खिडकीआड कानाला यंत्र लावलेला एक माणूस. खिडकीपुढं चार-पाच व्यापारी उभे होते. मुक्ताबाई पाळीनं उभी राहिली. पाळी आली तेव्हा तिला काय म्हणायचं तेच सुचेना.

“कुठं लावायचाय बाई?”

“म्हमईला. इमानाच्या हापिसात.”

“कुठल्या विमानाच्या?”

“काल जे पडलं त्याच्या.”

त्या माणसानं मान वर केली. यंत्र कानावरून थोडं सरकवलं. मग काही न बोलता त्यानं एक जाडजूड पुस्तक उघडलं, नंबर शोधला आणि म्हणाला, “बसा. अर्जंट लावतो. तरी वेळ लागेल.”

वेळ लागला. बाहेर बाजारपेठेतले दिवे लागले तेव्हा त्यानं तिला हाक मारली. “मुंबई आलीय. लवकर सांगा, प्रवाशाचं नाव काय?”

मुक्ताबाईनं तोंड उघडलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी ‘आवं’, ‘हे’, ‘पोरींचे वडील’. जिभेला ते नाव ठाऊकच नव्हतं.

“आमच्या पोरींचे वडील,” ती म्हणाली.

“नाव, बाई, नाव!”

“घेत नसत्यात त्या,” मागचा एक व्यापारी म्हणाला. “उखान्यात घ्या म्हनावं.” दोघंतिघं हसले.

खिडकीआडचा माणूस एका हातानं यंत्र दाबून धरून तिच्याकडं बघत होता. मुंबईहून एक लाइन इथवर आली होती आणि ती कोणत्याही क्षणी तुटणार होती. मुक्ताबाईनं खिडकीचा गज धरला.

“गोरक्ष,” ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “गोरक्ष भिवाजी वाबळे. गोंडेवाडीचे. त्या इमानात हुते का न्हवते, इचारा.”

हसणं थांबलं होतं. तिला आपला आवाज परका वाटला.

तो माणूस इंग्रजीत बोलला, नाव दोनदा सुटं सुटं करून सांगितलं, ऐकलं, पुन्हा विचारलं. मग त्यानं यंत्र खाली ठेवलं. “बाई, तिकीट होतं त्यांचं. त्याच विमानाचं. पण हाँगकाँगहून पुढं बसले का नाही, ते इथल्या ऑफिसला अजून कळलेलं नाही. उद्या विचारा म्हणतात.”

“म्हंजे हायेत का न्हाईत?”

“तेच माहीत नाही त्यांना.”

ती शेवटच्या गाडीनं परत आली. घरात बाया भरलेल्या होत्या. बंगल्यावरची बातमी तिच्याआधी पोचली होती, आणि मालनबाईंनी जे सांगितलं होतं तेही कुणाच्या तरी तोंडून पोचलं होतं. साळूबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. पोरी चांगुणाच्या घरी नेलेल्या. राहीबाई नावाची भावकीतली म्हातारी आत आलेल्या मुक्ताबाईच्या हातातल्या बांगड्यांकडं सारखी बघत होती. एका बाईनं हळूच सूर धरला.

“रडू नगा,” मुक्ताबाई म्हणाली. “अजून कळलं न्हाई.”

“आगं लेकी, तिकीट हुतं म्हन्त्यात…” राहीबाई म्हणाली.

“तिकीट हुतं. बसलं का न्हाई ते कुनाला ठावं न्हाई. उद्या कळंल. तवर माझ्या घरात कुनी रडायचं न्हाई.” आणि ती गोठ्यात गेली. कास तटतटून म्हशी रेकत होत्या. धार काढता काढता अर्धं दूध कासंडीबाहेर गेलं. तेव्हा ती म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती पुन्हा गेली. टेलिफोन ऑफिसातला माणूस तोच होता. त्यानं तिला ओळखलं, पाळीत उभं केलं नाही. मुंबई लागली, तुटली, पुन्हा लागली. कालपासून ती मनात एकच मोजणी करत होती. हाँगकाँगला तासभर विमान थांबतं. त्या तासात माणूस उतरू शकतो. पाणी प्यायला उतरू शकतो. का उतरेल? तिला कारण सापडत नव्हतं. गोरक्षला तर घरी यायची घाई असायची, कारखान्याच्या भोंग्याआधी तो सायकलवर टांग टाकायचा.

“वाबळे,” तो माणूस यंत्रात म्हणत होता. “येस. वाबळे.” मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. मुक्ताबाईनं त्याच्या तोंडाकडं बघायचं सोडून दिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या शंकराकडं बघितलं.

“बसले नव्हते,” तो म्हणाला. “बाई, ऐकताय का? हाँगकाँगला उतरले ते. पुढं बसलेच नाहीत. त्यांची पेटी तेवढी गेली.”

“पुन्हा इचारा.”

“अहो, त्यांनी स्पष्ट…”

“पुन्हा इचारा. नाव सांगा पुन्हा.”

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तेव्हा ती बाकावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. येणारेजाणारे समजले, बाईचं कुणीतरी गेलं.

सोमवारी दोघं आले. वेशीपासून बंगल्यापर्यंत लेझीम होती. आबासाहेब जीपमध्ये उभे होते, दोन्ही हात जोडून. गोरक्ष मागच्या सीटवर होता, या खेपेला ट्रंकेशिवाय. ट्रंकेत पोरींसाठी घेतलेली बाहुली होती आणि मुक्ताबाईसाठी काय होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही. गेलेल्या वस्तूचं काय सांगायचं, म्हणायचा.

विमान सुटलं तेव्हा काय घडलं होतं ते घरी आल्यावर त्यानंच सांगितलं. परक्या मुलखात आबासाहेबांचं पोट बिघडलं होतं. तिथलं खाणं उतरेना, भाषा कळेना. गोरक्ष हॉटेलच्या भटारखान्यात जाऊन हातवारे करून त्यांच्यासाठी दूधभात करून आणायचा. हाँगकाँगला उतरायची वेळ आली तेव्हा आबासाहेबांनी त्याच्या सदऱ्याची बाही धरली. “मला येकट्याला टाकून जाऊ नको रं गोरक्षा.” म्हणून तोही उतरला. हॉटेलात त्यांना विमानाचं दोन दिवस काही कळलंही नाही.

“आबांनी बाही धरली म्हनून मी हाय,” गोरक्ष म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “देवानंच त्यांच्या हातानं धरली.”

मुक्ताबाई भाकरी थापत होती. “मी तुमचं नाव घेतलं,” ती म्हणाली.

“कुठं?”

“टेलिफोन हापिसात. समद्या मानसांत.”

गोरक्ष हसला. “मग काय झालं? आता हाय की मी.”

त्याला ते समजलं नाही, आणि तिला ते समजावून सांगता आलं नाही. त्याला ती एवढंच सांगू शकली असती की बंगल्यावर साखर वाटत होते तेव्हा तुम्ही जिवंत आहात की नाही हे विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पण तो नुकताच मरणाच्या दारातून आला होता, आणि आबासाहेबांच्या नावानं त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

आबासाहेबांनी ती हकीकत सांगायला सुरुवात केली. आधी बंगल्यावर, मग कारखान्याच्या सभेत, मग लग्नाकार्यात. सांगता सांगता त्यातलं पोटदुखणं गळून पडलं, बाही धरणं तेवढं राहिलं. पुढं तर ते म्हणू लागले, “मला आतून काहीतरी वाटलं. म्हटलं, गोरक्षा, ह्या विमानानं जायचं न्हाई.” लोक टाळ्या वाजवायचे. गोरक्षला उभं करायचे. तोही हात जोडायचा.

एकदा जेवताना मुक्ताबाई म्हणाली, “त्यांला भ्या वाटलं म्हनून त्यांनी तुमाला थांबवलं. तुमाला वाचवाया न्हाई.”

“येकच की ते.”

“येक न्हाई.”

त्या दिवशी ताटावरून उठेपर्यंत दोघं बोलले नाहीत. गोरक्षसारख्या माणसाला एवढा वेळ गप्प बसलेलं साळूबाईनं पहिल्यांदाच बघितलं.

त्या शुक्रवारनंतर मुक्ताबाईनं बंगल्यावर दूध घातलंच नव्हतं. ती आता दोन कोस चालून बेलापूरच्या हलवायाला घालायची. कानिफ निरोप पाठवून थकला. गोरक्ष चिडला, समजावलं, “आबांला काय वाटंल?” म्हणाला. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी बेलापूरची वाट धरायची. गावात आता लोक म्हणू लागले की गोरक्षची बायको वरचढ झाली. रेशनच्या दुकानात माप कमी पडलं तर ती विचारायची. कारखान्यात एका पोराचा हात यंत्रात गेला तेव्हा त्याच्या आईला घेऊन ती वर्कशॉपच्या साहेबापुढं जाऊन उभी राहिली आणि डॉक्टर कुठं हाय म्हणून विचारलं. आवाज अजून लहानच होता. पण उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलायची नाही.

दिवाळी उरकल्यावर एका सकाळी मालनबाई तिच्या दारात आल्या. हातात ती पितळी किटली होती, घासून लख्ख केलेली. बंगल्यातली बाई अशी पायी वाबळ्यांच्या वस्तीवर कधी आली नव्हती. मुक्ताबाई गोठ्यात आंबोण कालवत होती. तिनं हात थांबवला नाही.

“तुझी किटली,” मालनबाई म्हणाल्या.

“ठेवा तिथं.”

मालनबाईंनी ती ओट्यावर ठेवली. गेल्या मात्र नाहीत. गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“त्या दिशी सकाळी मला ठावं हुतं की गोरक्षा पुढं जायाचा हाय,” त्या म्हणाल्या. “मला सारखं वाटत हुतं, त्यो त्या इमानात असला म्हंजे ठरल्यापरमानं झालं. ठरल्यापरमानं झालं आसंल तर हे उतरले आसतील. मी देवाला त्येच मागत हुते, मुक्ता. समदं ठरल्यापरमानंच होऊ दे म्हनून. बोललं तर मोडंल वाटलं, म्हनून कुनाला बोलले न्हाई. तू दारात उभी हुतीस आन् मी त्येच मागत हुते.”

मुक्ताबाईचे हात आंबोणात तसेच राहिले. म्हैस मान ताणून घमेल्याकडं बघत होती.

तिला राग आला होता, आणि त्या रागाच्या आतच कुठंतरी या बाईच्या उघड्या पडलेल्या तोंडाची कीवही आली होती. दोन्ही एकत्र गिळता येईनात. शेवटी तिनं घमेलं म्हशीपुढं सरकवलं आणि हात धुतले.

“आज का सांगितलं?”

“घरात सांगायला कोन हाय? त्यांच्या समोर टाळ्या वाजत्यात.” मालनबाईंनी डोळे पुसले. “दूध घालशील का पुन्हा?”

“न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली. मग ओट्यावर पोतं अंथरत ती म्हणाली, “पन तुमी येत जा.”